एक वाजला की माघारी: फुलांच्या खोऱ्यातल्या एका दिवसाबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सरत आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो: उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान. 1982 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2005 साली जागतिक वारसा यादीत आलं. उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही. खालच्या घांघरिया वस्तीतून सकाळी निघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. म्हणून फुलांइतकंच घड्याळही सांभाळावं लागतं. आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत.

आम्ही हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन केलेले आहोत. खोऱ्यातली वाट तर बांधीव आहे म्हणतात. मग एका दिवसाच्या आखणीचा एवढा बाऊ कशाला? आरामात नाश्ता करून साडेनऊला निघालो तर काय बिघडतं? (ठाणे)

अलंग-मदन केलेल्या माणसाला इथली वाट अवघड जाणार नाही. दोर नाही, कातळटप्पा नाही. पण सह्याद्रीत उशीर झाला तर टॉर्च लावून उतरता येतं, नाहीतर गडावरच्या गुहेत पथारी पसरता येते. इथे दोन्ही वाटा बंद. वनखात्याची चौकी सकाळी 7 ला उघडते, दुपारनंतर आत सोडत नाही आणि संध्याकाळी 5 पर्यंत सगळ्यांनी बाहेर यायचं असतं. त्या हंगामातली नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी घांघरियात विचारून घ्या, हॉटेलवाला सांगतोच. म्हणजे हातात जास्तीत जास्त दहा तास. साडेनऊला निघालात तर त्यातले अडीच तास पराठ्याच्या ताटावरच गेले.

साधारण चालणाऱ्या गटाचा दिवस असा जातो. 7 वाजता चौकीवर परवाना आणि ओळखपत्र दाखवायचं. तिथून पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत चाळीस-पन्नास मिनिटं. पूल ओलांडला की खरा चढ सुरू होतो. भोजपत्राच्या झाडीतून नागमोडी, दगडी, बहुतेक वेळा ओला. हा टप्पा दीड ते दोन तास खातो आणि याच टप्प्यात लोक दमतात, कारण पुलापर्यंत ते जोशात आलेले असतात. साडेनऊ-पावणेदहाला खोऱ्याच्या तोंडाशी पोचलात की पंधरा मिनिटं बसून खा. पुढे वाट बरीचशी सपाट आहे. तासा-सव्वा तासाने जोन मार्गारेट लेग यांच्या थडग्याकडे फाटा जातो. फुलांचे नमुने गोळा करायला आलेल्या या ब्रिटिश वनस्पती अभ्यासक 1939 च्या जुलैमध्ये इथेच कड्यावरून घसरून गेल्या. तिथून आणखी पाऊण तासाने नदीचं रुंद पात्र येतं. बहुतेकांचा शेवट तिथेच होतो.

आता उलटा हिशेब करा. नदीपासून खोऱ्याच्या तोंडापर्यंत पावणेदोन तास, तिथून चौकीपर्यंत उतार दीड तास. झाले सव्वातीन तास. त्यात पाऊस, गुडघे, फोटो धरून पाऊण तास घाला. म्हणजे पाचच्या चार तास आधी, दुपारी एक वाजता, जिथे असाल तिथून पाठ फिरवायची. थडगं राहिलं, नदी राहिली, तरीही. हे गटातल्या सगळ्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा. एक वाजता तिथे उभं राहून चर्चा सुरू केली की दीड वाजतोच.

परवान्यावर आतापर्यंतच्या पद्धतीने तीन दिवस जाता येतं. पहिल्या दिवशी ढगांनी काही दिसू दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत जा. म्हणूनच पहिल्या दिवशी शेवटच्या टोकापर्यंत जाण्याचा हट्ट नको.

कास पठार दोनदा पाहिलं आहे. हे त्याच प्रकारचं का? आणि नेमकं कधी जावं? (सातारा)

नाही, त्या प्रकारचं नाही, आणि कासची प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवून जाणारे बहुधा हिरमुसतात. कासला घोट्याएवढी झाडं, एका जातीचा एकसलग गालिचा. खोऱ्यात कमरेएवढी, काही ठिकाणी डोक्याएवढी रोपं आणि त्यांत शंभर जाती मिसळलेल्या. लांबून बघितलं तर हिरवं खोरं दिसतं. फुलं दिसायला वाटेवर थांबून दोन्ही बाजूंना बघावं लागतं.

जूनमध्ये उद्यान उघडतं तेव्हा ओढ्यांवर बर्फ असतो आणि फुलं तुरळक. जुलैचा दुसरा आठवडा ते ऑगस्टचा मध्य हा भर. निळी हिमालयी खसखस, म्हणजे ब्ल्यू पॉपी, बघायची असेल तर जुलै धरा. ती झुडपांत नसते, दगडांच्या आधाराने एकेकटी उगवते, म्हणून पुढे बघत झपाझप चालणाऱ्याला दिसतच नाही. ऑगस्टमध्ये गुलाबी रंग चढतो. तो रंग बराचसा आपल्या तेरड्याच्या भाऊबंदांचा आहे. पान-फूल बघितलंत तर ओळख लगेच पटेल. पिकलेली शेंग बोटाने दाबली की फटकन उकलते, तेही तसंच. फक्त इथला तेरडा माणसाएवढा वाढतो, आणि त्याचा रंग तीन दिवसांपेक्षा बराच जास्त टिकतो. सप्टेंबरमध्ये फुलं कमी, पण आकाश मोकळं आणि पानं तांबूस होऊ लागलेली. पावसाचा अगदीच कंटाळा असलेल्यांनी सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरावा आणि फुलांची अपेक्षा निम्मी करावी. उद्यान ऑक्टोबरअखेर बंद होतं.

पांढरट गुच्छांचं एक उंच तण मोठ्या पट्ट्यांवर पसरलेलं दिसेल. स्थानिक त्याला अमेला म्हणतात. ते इतर फुलांना दाबतं म्हणून वनखातं दर हंगामात उपटायला लावतं. उपटलेल्या ढिगांचे फोटो काढून 'पर्यटकांनी फुलं ओरबाडली' अशी तक्रार करणारे वाचकही आम्हाला लिहितात, म्हणून हे सांगून ठेवलं.

माझं वय 62, रक्तदाबाची गोळी चालू आहे. घांघरियात उंचीमुळे त्रास होतो असं मैत्रीण म्हणते. तिला रात्रभर डोकेदुखी झाली आणि दुसऱ्या दिवशी खोलीतच बसावं लागलं. काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. घांघरिया सुमारे 3,050 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. खोरं त्याहून वर, साडेतीन हजारांच्या आसपास. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही त्रास होऊ शकतो. वय आणि तब्येत याची हमी देत नाहीत. व्यायामशाळेत जाणारा तिशीतला पोरगा आडवा पडतो आणि त्याची आजी हिंडून येते, हे नेहमीचं.

तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत काय झालं असावं याचा अंदाज बांधता येतो. लोक ऋषिकेशहून दहा-बारा तास गाडीत बसून पायथ्याच्या गोविंदघाटला येतात, पहाटे उठून पुलना, म्हणजे जिथून पायी वाट सुरू होते ते गाव, गाठतात आणि हजारएक मीटर चढून त्याच संध्याकाळी घांघरियात झोपतात. पाणी कमी प्यायलेलं असतं, कारण रस्त्यात स्वच्छतागृह मिळत नाही. घामाने आणखी कमी झालेलं. मग रात्री डोकं ठणकतं. उपाय साधा आहे: जोशीमठला, म्हणजे सुमारे 1,900 मीटरवर, एक पूर्ण रात्र काढा. दोन रात्री मिळाल्या तर त्याहून चांगलं. चढताना वेग एवढाच ठेवा की वाक्य अर्धवट न तोडता बोलता येईल. दिवसभरात तीन लिटर पाणी घ्या. त्या रात्री दारू आणि झोपेची गोळी घेऊ नका, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

नुसती डोकेदुखी असेल तर पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती. सकाळी थांबली तर चला. डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना उडणं, चक्कर यांपैकी काही असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. आणि एक चाचणी लक्षात ठेवा: जमिनीवर सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत दहा पावलं चालून बघा. तोल जात असेल, बोलणं विस्कळीत होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट बघू नका. लगेच खाली उतरवायची व्यवस्था करा. उतरणं हाच इलाज आहे. ऑक्सिजनच्या छोट्या डब्या विकत मिळतात, त्या काही मिनिटांत संपतात.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल अनेकांनी विचारलं आहे. साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण ती लघवी वाढवणारी गोळी आहे. रक्तदाबासाठीही तशीच एखादी गोळी तुम्हाला चालू असू शकते. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनाही ती सहसा देत नाहीत. म्हणून तुमच्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवून त्यांनाच ठरवू द्या. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका, आणि ती सामानाच्या मोठ्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवा.

सरावासाठी कोल्हापूरहून पन्हाळा चालत जाणं वाईट नाही, पण त्यात सलग चढ कमी आहे. पुण्याकडे येणं झालं तर आतकरवाडीतून सिंहगड चढा. पाठीवर पाच-सहा किलो घेऊन, दम न लागता, दीड तासात वर पोचत असाल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडत नसतील तर तुमची तयारी आहे.

सहा वर्षांपूर्वीचे महागडे ट्रेकिंगचे बूट कपाटात नव्यासारखे पडून आहेत. चालतील ना? (पुणे)

बहुधा नाही. अशा बुटांच्या सोलमध्ये, पायाखालच्या मऊ थरात, पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणाने ते आतून फुटत जातं, वापर असो वा नसो. किंबहुना कपाटात पडून राहिलेलं लवकर फुटतं. बाहेरून काही कळत नाही. मग पुलनाच्या पुढे दुसऱ्या तासाला सोल टाचेकडून सुटतो आणि तोंड वासतो. ही तक्रार इतकी सामान्य आहे की गोविंदघाटला उतरण्याआधी घरीच परीक्षा घ्या: सोलच्या कडेचा मऊ थर अंगठ्याच्या नखाने जोरात दाबा. भुगा पडला, चीर दिसली किंवा चिकट लागलं तर बूट बाद. तसं काही दिसलं नाही तर बूट भिजवून ओल्या रस्त्यावर दोन तास चाला. कात्रजच्या घाटात सुटलेला सोल परवडतो.

नवे घेणार असाल तर निदान तीस-चाळीस किलोमीटर वापरून मगच न्या. माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा सुजलेले असतात. जाड मोजे घालून उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे एक बोट जागा हवी. ती नसेल तर घांघरियाहून उतरताना नखं काळी पडतात.

उतारावर बूट आतून पुढे सरकू नये म्हणून लेस अशी बांधा: वरून दुसऱ्या छिद्रापर्यंत नेहमीसारखी ओवा. मग प्रत्येक टोक त्याच बाजूच्या शेवटच्या छिद्रात घालून छोटा फास तयार ठेवा. डावं टोक उजव्या फासातून, उजवं डाव्या फासातून काढा आणि खाली ओढून गाठ मारा. टाच मागच्या बाजूला जखडून राहते.

पुलना ते घांघरिया वाटेवर दगडी फरसबंदी आहे आणि तिच्यावर खेचरांची लीद. पाऊस पडला की त्याचं सारवण होतं. तिथे गुळगुळीत दगडाच्या मधोमध पाऊल टाकू नका, दोन दगडांच्या सांध्यावर टाका. खेचर आलं की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. ओझ्याच्या पोत्याचा धक्का लागतो तो नेमका खांद्याला.

पावसासाठी रेनकोट की छत्री? आणि जीन्स चालेल का? (डोंबिवली)

जीन्स नको. भिजलेलं सुती कापड तासन्‌तास अंगाला चिकटून राहतं आणि पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं. आपल्याकडे जुलैत भिजलो तरी अंग गार पडत नाही. तिथे भिजून वाऱ्यात उभं राहिलं की दहा-बारा अंशांतही हुडहुडी भरते. पटकन सुकणारी पँट, अंगालगत तसाच टीशर्ट, पिशवीत एक फ्लीस, म्हणजे मऊ उबदार जाकीट, आणि एक कोरडी टोपी. फ्लीस चढावर घालू नका, घामाने तोही भिजेल. थांबल्याबरोबर घाला.

पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, बरा, कारण तो पाठीवरच्या पिशवीसकट झाकतो आणि बाजूंनी हवा खेळती राहते. दोन तुकड्यांच्या प्लास्टिकच्या रेनकोटात माणूस बाहेरून कोरडा आणि आतून ओला होतो. छत्री खोऱ्यातल्या सपाट भागात चालते, पण हात अडकतो आणि काठी धरता येत नाही. पिशवीच्या वरच्या कव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने ओघळत आत जातं. गावाकडे खताच्या गोणीच्या आत जी जाड पारदर्शक पिशवी असते, ती स्वच्छ धुऊन आतून अस्तरासारखी लावा, तोंड पिळून दुमडा. कुठल्याही दुकानी कव्हरपेक्षा हे जास्त भरवशाचं आहे. परत घेऊन मात्र या.

आत खायला काय मिळतं? घरून काय न्यावं? (नाशिक)

आत काही नाही. टपरी नाही, चहा नाही. घांघरियातले ढाबे पहाटे पराठे बांधून देतात, पण आदल्या रात्री सांगावं लागतं आणि 'सहाला' म्हटलं तर साडेसहा होतात. म्हणून 'साडेपाचला' सांगा.

नाशिकहून घांघरियाला पोचेपर्यंत तीन-चार दिवस जातात, त्यामुळे दशम्या, धपाटे टिकणार नाहीत. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शंकरपाळे, भाजलेले शेंगदाणे-गूळ हे नीट पोचतं. चकली-चिवडा पोचतो पण चुरा होऊन. उंचीवर भूक मरते, तेव्हा आवडीचं न्या. 'पौष्टिक' म्हणून आणलेले बार तसेच परत येतात. दर तासाला मूठभर खा. दुपारी एकदम पोटभर जेवलात तर उतारावर झोप येते.

पाणी माणशी दोन लिटर. वाटेत झरे आहेत, पण वर जनावरं आणि माणसं दोन्ही असतात, म्हणून क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. पाकिटावर अर्धा तास लिहिलेला असेल तर बर्फाच्या पाण्याला तासभर द्या, थंडीत औषध सावकाश काम करतं. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच विरघळवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी ओतली की ते पाणी जास्त खारट होऊन उलट तहान वाढवतं आणि पोट बिघडवतं. हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण सगळ्यांकडे अर्ध्या लिटरचीच बाटली असते.

आम्ही आत असताना जोरात पाऊस आला तर? ओढे वाढतात का? (इंदूर)

वाढतात, आणि पाऊस नसला तरी वाढतात. वरचं बर्फ दुपारच्या उन्हाने वितळतं, त्यामुळे सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा तीन वाजता गुडघाभर होतो. एक वाजता माघारी फिरायला सांगतो त्याचं हेही कारण. पाणी गढूळ झालं, फांद्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा तळातून दगड गडगडल्याचा आवाज आला तर ओलांडू नका. वर पाऊस झालेला आहे. थांबून पाणी उतरू द्या, किंवा दुसऱ्या गटाबरोबर राहा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचा प्रश्नच नाही. ओलांडायचंच असेल तर पाठीच्या पिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे करा, काठी पुढे रोवा आणि एका वेळी एकच आधार हलवा. बूट काढू नका. थंड पाण्यात अनवाणी पायाला दगड कळत नाहीत.

जून-जुलैत ओढ्यावर बर्फाचा पूल दिसतो. खालून पाणी त्याला पोखरत असतं आणि तो मधोमध सर्वांत पातळ असतो. मळलेली पायवाट त्यावरून जात असेल, चौकीवरच्या माणसाने जा म्हटलं असेल, तरच जा. फोटोसाठी कडेला उभं राहू नका.

सकाळी सहालाच धो-धो पाऊस असेल तर? दोन तास थांबा, चौकीवर विचारा, आणि नऊला निघालात तर त्या दिवशी लेग यांच्या थडग्यापुढे जाऊ नका. घांघरियात उद्यानाची माहितीफीत दाखवतात. ती बघून दुसऱ्या दिवशी गेलात तर निदान काय बघायचं ते कळेल.

थोडक्यात उत्तरं

*खेचर मिळेल का? (अकोला)* घांघरियापर्यंत मिळेल, खोऱ्यात खेचरांना बंदी आहे. आत कंडी, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारी माणसं, मिळतात. दर आधी ठरवा, आणि वजन खोटं सांगू नका. तो भार एका माणसाच्या कपाळावर आणि पाठीवर जातो.

*सात वर्षांची मुलगी चालेल का? (पनवेल)* खोऱ्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत, एवढं ठेवा. लहान मुलं डोकं दुखतंय असं सांगत नाहीत, चिडचिड करतात आणि खात नाहीत. तेच लक्षण समजा.

*वाटेकडेच्या झुडपाला हात लागला आणि आग झाली. (बेळगाव)* ती बिच्छू घास. चोळू नका, चोळल्याने बारीक काटे आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग पाण्याने धुवा.  जांभळी, टोपीसारखी फुलं दिसली तर मात्र तोडू नका आणि हात तोंडाला लावू नका. ती बचनागाच्या जातीची असू शकतात. तसंही राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

*ड्रोन?* नाही.

*पैसे?* रोख जोशीमठातच काढून ठेवा. वर नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देणं बंद पडतं. आणि खोऱ्यात रेंज धरून चालू नका. गट फुटला तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. पूल ही चांगली जागा.

हेमकुंड आणि खोरं एकाच दिवशी होईल का? एकूण रजा किती टाकावी? (नागपूर)

एकाच दिवशी नाही. घांघरियापासून हेमकुंड, म्हणजे वरच्या तळ्याकाठचा शिखांचा गुरुद्वारा, सहा किलोमीटर, पण सगळा चढ, हजार मीटरच्या वर. तिथेही मुक्काम करू देत नाहीत आणि दुपारनंतर खाली पाठवतात. पहिल्या दिवशी खोरं, दुसऱ्या दिवशी हेमकुंड हा क्रम ठेवा. खोऱ्यात एक दिवस काढल्यावर शरीर उंचीला थोडं सरावतं, आणि हेमकुंडाचा चढ सोसतो.

हरिद्वार ते हरिद्वार सहा दिवस म्हणून जे कार्यक्रम विकले जातात त्यांत पावसाला जागाच नसते. पावसाळ्यात ऋषिकेश-बद्रीनाथ रस्त्यावर दरडी पडतात, कधी तासाभरात मोकळा होतो, कधी दुसऱ्या दिवशी. आठ दिवस धरा, आणि परतीच्या रेल्वेच्या किंवा विमानाच्या आधी हरिद्वारला एक रात्र मोकळी सोडा. डोंगरातल्या रस्त्यावर रात्री वाहनं थांबवतात, त्यामुळे 'रात्रभर गाडी चालवून पोचू' हा नागपूरकरांचा नेहमीचा तोडगा इथे लागू होत नाही.

आमच्या गॅलरीत ब्रह्मकमळ रात्री बारा वाजता उमलतं. खोऱ्यात तेच दिवसा बघायला मिळेल का? (सोलापूर)

ते नव्हे. आपल्याकडे कुंडीत पानाला कळी धरून रात्री उमलणारं, घमघमणारं पांढरं फूल हे एका निवडुंगाचं आहे आणि ते मूळचं मेक्सिकोकडचं. कुणी तरी कधी तरी त्याला ब्रह्मकमळ म्हटलं आणि नाव चिकटलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडाचं राज्यफूल. पाकळ्या वाटतात ती खरं तर फिकट पोपटी, कागदासारखी पातळ पानं. ती आत मिटून बसलेल्या जांभळ्या फुलांना थंडी-पावसापासून झाकतात. ते खोऱ्यातल्या वाटेवर नाही, हेमकुंडाच्या शेवटच्या चढावर खडकांत दिसतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पायऱ्यांची वाट आणि खेचरांची वाट वेगळी होते तिथे पायऱ्यांकडे वळा. दम खायला थांबाल तेव्हा पायाखाली न बघता डाव्या-उजव्या उतारावर नजर टाका. उंची वीतभर ते हातभर, रंग गवताच्या जवळचा. पहिलं दिसायला वेळ लागतो.